तसबिरीचे कूळ

जुन्या तसबिरीचे कूळ सांगताना आपण मराठी माणसे फार घाई करतो. रंग जरा तेलकट दिसले, लुगड्याच्या निऱ्या खऱ्यासारख्या पडलेल्या दिसल्या, की ‘राजा रविवर्मा’ म्हणून मोकळे होतो. रानातले प्रत्येक पडके देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, त्यातलाच हा प्रकार. नाव मोठे सापडले की पाहणे थांबते. आणि चित्राच्या बाबतीत पाहणे थांबले की सारेच संपले.

हा विचार मनात आला तो मुळशी धरणाने उठवलेल्या एका घरातल्या तसबिरीमुळे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. खालचे घर पाण्यात गेले आणि भांड्याकुंड्यांबरोबर ही तसबीर वर आली, असे घरचे सांगतात. अलीकडे पुण्याच्या एका व्यापाऱ्याने तिला मोल सांगितले. पण अट अशी, की चित्र रविवर्म्याचेच पाहिजे. त्या पैशांत नातीच्या कॉलेजची दोन वर्षे निघाली असती. शाळामास्तर कादंबऱ्याही लिहितो, तेव्हा त्याला कळत असेल, या समजुतीने निवाडा माझ्याकडे आला.

चित्रात एक स्त्री तान्हे मूल पुढे करते आहे आणि जटाधारी ऋषी हात उंच करून तोंड फिरवतो आहे. घरातल्या आजी म्हणतात, ही सीता आणि हे वाल्मीकी. पण वाल्मीकींनी तर सीतेला आसरा दिला. ते तोंड का फिरवतील? मी हे विचारताच आजी म्हणाल्या, “बाप्या तोंड फिरवणारच की, गुरुजी!”

ही स्त्री मेनका, ऋषी विश्वामित्र आणि मूल शकुंतला. रविवर्म्याचे ‘शकुंतला जन्म’ ते हेच. गंमत अशी, की हा प्रसंग महाभारतात शोधायला गेल्यास सापडत नाही. आदिपर्वात मेनका मुलीला मालिनी नदीच्या काठी ठेवून निघून जाते, पक्षी तिला राखतात आणि कण्वांना ती सापडते. लेक नाकारणारा विश्वामित्र तिथे नाही. त्याला चित्रकाराने उभे केले. पोथीत जे मुकाट्याने घडले होते, ते त्याने समोरासमोर आणले.

आता छापाकडे वळू. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तिथून निघालेले पहिले चित्र म्हणून याच ‘शकुंतला जन्मा’चे नाव घेतले जाते. पुढे १८९९ मध्ये तो मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांजवळ आला. म्हणजे आमच्या डोंगरापलीकडेच. पण छापखाना जवळ, म्हणून चित्र तिथलेच, हा पुरावा नव्हे. मुळशी-मावळची माणसे मुंबईला कामाला जात आणि तसबिरी मुंबईपुण्याच्या दुकानांत मिळत. म्हणून भिंग घेतले. आजच्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीने, कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात. इथे ते लहानमोठे आणि विखुरलेले होते. तो दगडावर हाताने उठवलेला दाणा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. मेनकेच्या खांद्याशी एक रंग केसभर सरकलेला आहे, तो त्यामुळेच. शेवटी चौकट उघडली. बांधणाऱ्याने कागदाची खालची कड कापली नव्हती, मागे दुमडली होती. तिच्यावर छापखान्याचे नाव होते आणि पुढे कार्ला-लोणावळा.

तेव्हा चित्र अस्सल, पण १८९९ नंतरचे. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्म्याने हा छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ मध्ये तो स्वतःही गेला. छापखाना मात्र त्याच्याच नावाने चालू राहिला, १९७२ च्या आगीपर्यंत त्याची वास्तू उभी होती. या कागदाला रविवर्म्याचा हात लागलेला नाही. मूळ कल्पना त्याची. पण रंग फोडून दगडांवर उतरवणारे कारागीर निराळे, यंत्र ओढणारे निराळे. त्यांची नावे कडेवर नाहीत. मग चित्र कोणाचे?

जाणकारांनी रविवर्म्याला नाटकी ठरवले आहे. आनंद कुमारस्वामींचा आक्षेप हाच होता आणि तो खोटा नाही. विश्वामित्राचा उंच हात रंगभूमीवरचाच वाटतो. पण १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पाहिलेल्या मुलखाला रंगभूमीवरचा हात परका नव्हता. लांबच्या प्रेक्षकालाही कळावा, म्हणून नट हात उंच करतो; अंधाऱ्या माजघरात, धुराने काळवंडलेल्या काचेतूनही कळावा, असाच हा हात आहे. दिवाणखान्यात जो भडक वाटतो, तो चुलीच्या उजेडात बरोबर बसतो. हे चित्राचे वैगुण्य मानायचे, तर ते कुठे टांगले होते तेही सांगावे लागेल.

आणि आजींची सीता? आमच्या मुळशीतल्या बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास पिढ्यान्‌पिढ्या गायला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत मुळशीच्या पुष्कळ आहेत. ज्या कानांनी त्या ओव्या ऐकल्या, त्या डोळ्यांना मूल घेऊन उभी असलेली एकटी बाई सीताच दिसणार. नाव म्हणून ते चूक. पण बापाने न स्वीकारलेले लेकरू हा चित्राचा गाभा आजींनी अचूक पकडला. भिंग घेऊनही मला तो इतक्या लवकर दिसला नव्हता.

मी निवाडा लिहून दिला, तो असा: चित्र रविवर्म्याचे, छाप कार्ल्याचा, १८९९ नंतरचा; हात अनामिक कारागिरांचे. विकायचे तर खुशाल विका. लेकीच्या शिक्षणासाठी मेनका घराबाहेर पडली, तर त्यात खंत करण्यासारखे काही नाही. फक्त खोट्या नावावर विकू नका आणि मालकाचा हात नाही म्हणून मातीमोलही विकू नका. व्यापारी हे वाचून किंमत पाडील, हे मला ठाऊक होते. पाडलीही. परंतु बाजार नावाला मोल देतो; टीकेचे काम चित्राला मोल देण्याचे आहे आणि ही दोन कामे एका माणसाने एकाच वेळी करू नयेत.

वाचकांच्या घरी अशी तसबीर असेल, तर एवढेच करावे: नवी चौकट करताना कागदाची कड कापू देऊ नये, आणि घरातली म्हातारी माणसे त्या चित्राला काय म्हणतात, ते मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. कूळ सांगायला दोन्ही लागतात.