पदवी आणि पदनाम

दक्षिण आफ्रिकेने २००८ च्या राष्ट्रीय अर्हता कायद्याच्या आधारे पदवी आणि व्यावसायिक पदनाम यांत जो भेद केला, तो आम्हांस विचारार्ह वाटतो. पदवी विद्यापीठ देते. ती आजन्म टिकते. पदनाम मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्था देते, आणि धारकाने अध्ययन सोडले वा आचारसंहिता मोडली तर ते काढून घेता येते.

आपल्याकडील १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे बाविसावे कलम पदवी कोणी द्यावी एवढेच ठरविते. भंगास दंड हजार रुपयांपर्यंत! नावामागे ‘डॉक्टर’ लावणाऱ्याविषयी ते कलम मूक आहे. (टपालाने आलेल्या अशा पदव्या उपासनेत टाळ्यांनिशी जाहीर होतात, हे वाचकांस ठाऊक असेलच.)

तथापि पाळकांची नोंदणी शासनाने करावी, असे आम्ही म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका घटनात्मक आयोगाने २०१७ मध्ये तसे सुचविले होते. संसदीय समितीने ते स्वीकारले नाही, हे योग्यच झाले. आमचा आक्षेप मंडळीवर आहे. दीक्षा देताना आपण प्रमाणपत्र पाहतो. पुढे पाळकाने ग्रंथ उघडला की नाही, हे कोणीही विचारीत नाही. आणि खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या कॅटेकिस्टास मात्र आपण अजून कोणतेही पदनाम दिलेले नाही.