पढविलेले हसू

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबर महिना आला, की तेथील उद्यानांतून एक ठरावीक दृश्य दिसू लागते. सूर्य मावळावयास तासभर अवकाश असतो. मेपलच्या झाडांखाली एक कुटुंब उभे असते. आईबापांच्या अंगावर मोहरीच्या, तपकिरी अथवा सायीच्या रंगाचे, एकमेकांस साजतील असे कपडे असतात. लहान मुलांनाही त्याच रंगसंगतीत बसविलेले असते. समोर गुडघे टेकून बसलेला छायाचित्रकार एका हाताने खुळखुळा वाजवीत मुलांना हसावयास सांगत असतो. या प्रकारास तेथे वार्षिक विधीचे स्वरूप आले आहे. नाताळची शुभेच्छापत्रे अशा फोटोंतूनच तयार होतात, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून दिवाळीच्या सुमारास इकडे येतात तेही पुष्कळदा हेच फोटो. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गतवर्षी असा चाळीस फोटोंचा संच पाहावयास पाठविला. त्या निमित्ताने या प्रकाराचा थोडा विचार करावा असे वाटले.

प्रथम त्याच्या बाजूचे बोलतो. सूर्य क्षितिजाजवळ आला, की त्याच्या प्रकाशाला वातावरणाच्या अधिक जाड थरातून यावे लागते. निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरतो तो सोनेरी, मऊ प्रकाश. चेहऱ्यावर कठोर सावल्या पडत नाहीत. ऋतूची निवडही निरर्थक नाही. दिवस लहान होऊ लागताच पानांतील हरितद्रव्य नाहीसे होते, त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो, आणि मेपलच्या काही जातींत तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. आपल्याकडे शरद म्हटला की कोजागरीचे चांदणे आठवते. पानगळ ही आपण शिशिराकडे सोपविलेली आहे. त्यामुळे ही पाने मराठी डोळ्याला केवळ शोभा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या भूमीत त्यांचा अर्थ 'वर्ष संपत आले' असा आहे. गळणाऱ्या पानांपुढे वाढणारे मूल उभे करावे, या कल्पनेत खरे काव्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

मग या फोटोंतील बहुतेक फोटो निर्जीव का वाटतात? माझ्या मते दोष प्रकाशाचा नाही, पानांचा नाही आणि छायाचित्रकाराच्या कौशल्याचा तर नाहीच. दोष त्या मुलाकडून जे मागितले जाते त्यात आहे. प्रकाशाची जी उत्तम वेळ, तीच अडीच वर्षांच्या मुलाची सर्वांत वाईट वेळ. ते दमलेले असते, भुकेलेले असते, नवे बूट त्याला टोचत असतात. अशा मुलाने वीस-पंचवीस मिनिटांत, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून, आनंदाची साक्ष द्यावयाची असते.

साक्ष हा शब्द माझ्या व्यवसायातून आला खरा, पण तो येथे चपखल बसतो. 1872 च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराच्या वयाला खालची मर्यादा घातली नव्हती, आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती घातलेली नाही. प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्ष देऊ शकते. न्यायाधीश भितो तो मुलाच्या वयाला नव्हे, पढविण्याला. पढविलेले मूल खोटे बोलत असते असेही नाही. ते फक्त दुसऱ्याचे वाक्य बोलत असते. सरतपासणीत सूचक प्रश्नास हरकत घेता येते, कारण त्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते. 'हस पाहू' हा असाच एक सूचक प्रश्न आहे.

आणि चेहरा तो प्रश्न लपवू शकत नाही. द्युशेन द बूलोन्य या फ्रेंच वैद्याने 1862 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेचे ऐकतो. पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासून आनंद झाल्यावाचून सहसा त्याच्या साथीस येत नाही. विजेचा स्पर्श करून उमटविलेल्या हास्याचे त्याचे फोटो डार्विनने 1872 मध्ये आपल्या भावदर्शनावरील पुस्तकाच्या कामी घेतले. पाहणाऱ्यांना ते हास्य खऱ्या हास्यासारखे वाटले नाही, असेही त्याने नोंदविले. पुराव्याचा कायदा आणि हे पुस्तक एकाच वर्षातले असावे, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

आता आमच्या संचाकडे वळतो. शुभेच्छापत्रासाठी निवडलेल्या फोटोत चौघेही समोर पाहत आहेत. पाच वर्षांच्या मुलाने दंतवैद्यासमोर दाखवावे तसे दात दाखविले आहेत. धाकटीचे ओठ ताणलेले आहेत, पण डोळे कॅमेऱ्याच्या वर कोठेतरी, बहुधा त्या खुळखुळ्यावर लागले आहेत. वगळलेल्यांपैकी एका फोटोत मात्र धाकटी जमिनीवर बसली आहे. तिचा एक बूट निघाला आहे आणि ती एक पान उलटे करून पाहत आहे. भाऊ तिच्यावर वाकला आहे. त्याचा अर्धाच चेहरा दिसतो. आईबाप गुडघ्यापर्यंतच आले आहेत, आणि आईचा बूट धरलेला हात चौकटीत शिरतो आहे. त्या कुटुंबाविषयी जे जाणावयाचे ते या हातात मला सापडले.

हा फोटो पाहताना मला यूजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराचे 1946 मधील 'द वॉक टू पॅरडाइज गार्डन' आठवले. 1945 मध्ये ओकिनावाच्या युद्धात तो गंभीर जखमी झाला होता. दीर्घ उपचारांनंतर त्याने आपल्याच दोन मुलांचा हा फोटो घेतला. मुले झाडांच्या सावलीतून उजेडाकडे चालली आहेत आणि त्यांची पाठ आपल्याकडे आहे. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात भरलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या प्रदर्शनाचा शेवट याच फोटोने केला होता. दोन मुलांचे चेहरे न दाखविता त्यांचे बाल्य दाखविता येते, याला याहून दुसरा पुरावा नको.

येथे माझ्या प्रतिपादनाविरुद्ध निकाल गेला, तोही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. दोन्ही फोटो मी बेळगावास माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे या मुलांच्या आजीला, दाखविले व माझी बाजू मांडली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, ''तुझं सगळं खरं असेल रे. पण मला सगळ्यांची तोंडं दिसायला हवीत. धाकटीला मी अजून मांडीवर घेतलेली नाही.'' शुभेच्छापत्र तिने देवघराशेजारच्या फळीवर उभे केले.

तिचे म्हणणे मी नाकारू शकत नाही. कौटुंबिक फोटो हा कलाकृती होण्यापूर्वी एक पत्र असतो, आणि पत्रात खुशाली आधी लिहावी लागते. चौघे सुखरूप आहेत, एकत्र आहेत, हे सांगण्यापुरते पढविलेले हसूही उपयोगी पडते. माझा आग्रह इतकाच, की ती एकच साक्ष नोंदवून काम संपवू नये. मोठेपणी त्या मुलीच्या हाती फक्त शुभेच्छापत्रच आले, तर आपण लहानपणी कशा होतो हे तिला कळणार नाही. आपण कशा दिसाव्यात अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती, एवढेच कळेल. म्हणून छायाचित्रकाराला ठरलेल्या वेळातली शेवटची पाच मिनिटे काहीही न सांगता थांबावयास सांगावे, आणि त्यांतून मिळेल तो एक फोटो छापून, मागे सालतारीख लिहून जपून ठेवावा.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. शुभेच्छापत्र फळीवर ठेवून झाल्यावर अक्काने तो दुसरा फोटो पुन्हा हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारले, ''हिचा बूट कुठं गेला रे?'' पहिल्या फोटोविषयी तिने काहीच विचारले नव्हते.