सफिया अख्तर यांची पत्रे : विरहिणी की अध्यापिका?

सफिया अख्तर यांची ओळख बहुधा नात्यांनीच करून दिली जाते. मजाज यांची बहीण, जाँ निसार अख्तर यांची पत्नी, जावेद अख्तर यांची आई. पतीला लिहिलेली त्यांची पत्रे त्यांच्या निधनानंतर, १९५५ साली ‘हर्फ-ए-आश्ना’ व ‘झेर-ए-लब’ या दोन संग्रहांत प्रसिद्ध झाली. तीही विरहिणीची पत्रे म्हणूनच वाचली गेली. हे वाचन मला अपुरे वाटते.

विवाह १९४३ चा. सफिया अलीगढला, तर जाँ निसार ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकवीत होते. म्हणजे संसाराचा आरंभच दोन गावांत झाला. फाळणीच्या दंगलींनंतर दोघे भोपाळच्या हमीदिया कॉलेजात आले. १९४९ मध्ये जाँ निसार राजीनामा देऊन मुंबईला गेले. सफिया दोन लहान मुलांसह भोपाळलाच राहिल्या, कारण नोकरी तिथे होती. शायराला मुंबईत उमेदवारी करता आली ती घरी एक पगार चालू होता म्हणून! हा साधा हिशेब समीक्षकांनी फारसा मांडलेला नाही. तास, मुले, दुखणे आणि पतीची चिंता एकाच कागदावर येतात, तेव्हा प्रेमाचा मजकूर तेवढा वेगळा काढून दाखवणे ही वाचकाची सोय झाली. लेखिकेवर मात्र तो अन्याय आहे.

मराठीत रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी पतीविषयी लिहिले ते पतीच्या मृत्यूनंतर. शेवट ठाऊक असल्याने त्या लेखनाला एक निवांतपणा आहे. पत्राला तो लाभत नाही. आजार वाढत असताना लिहिणाऱ्या सफियांना जानेवारी १९५३ ठाऊक नव्हता.

शिवाय या संग्रहांत पतीची बाजू नाही. उत्तर उशिरा आले, त्रोटक आले, हे आपल्याला सफियांच्या तक्रारीवरूनच कळते. म्हणून जाँ निसार यांना दोषी ठरवण्याची घाई करू नये. पण ‘आदर्श पत्नी’ म्हणून सफियांचा गौरव करून तक्रारीचा सूर दडपूही नये. ‘झेर-ए-लब’ म्हणजे ओठांतल्या ओठांत. पुष्कळ पत्रांत तो आवाज चांगला मोठा आहे.

पत्नीच्या निधनावर जाँ निसार यांनी ‘खाक-ए-दिल’ ही नज्म लिहिली. वर्गात ती आधी शिकवली की विद्यार्थी पत्रांकडेही शोकाच्या नजरेने पाहू लागतात. म्हणून पत्रे आधी वाचून घ्यावीत.