वाडीतल्या बाकीच्या बाया कुठे गेल्या?

आमच्या आपट्याला बाहेरचं जग एकाच गोष्टीसाठी ओळखतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट १९९५ साली आमच्या स्टेशनावर चित्रित झाला. गाडी सुटते, ती धावते, तो दारातून हात देतो. पडद्यावर ते पंजाबातलं स्टेशन असतं, प्रत्यक्षात मात्र ते पनवेल तालुक्यातलं, पाताळगंगेजवळचं. अजूनही पोरंपोरी येतात आणि उभ्या गाडीच्या दारात हात पुढे करून रील बनवतात.

माझ्या आत्याला त्या सीनचं कौतुक नाही. “गाडी चुकली की कुणी हात देत नाही,” ती म्हणते. तिची चुकली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती वाल, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. सकाळी पॅसेंजरने जायचं, माल संपला की परत. एकदा माल संपायला उशीर झाला आणि शेवटची गाडी गेली. घरी आठ महिन्यांचा मुलगा, अंगावर पिणारा. फोन नव्हता, एवढ्या रात्री वाहन मिळेना. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली. फलाटावर पदराआड बसून तिने दूध पिळून काढलं आणि रुळांवर ओतून दिलं. ‘आपल्या हातानं पोराचा घास टाकला,’ हे ती अजूनही बोलून दाखवते.

इकडे घरी काय झालं, ते पुढे सांगते. आधी हिरकणीबद्दल बोलू, कारण हा लेख तिच्या गोष्टीबद्दल आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. रायगडाखालच्या वाडीतली गवळण गडावर दूध विकायला जाते. कोजागिरीचा दिवस, गर्दी, उशीर. सूर्य मावळतो, दरवाजे बंद होतात. घरी तान्हं बाळ आहे. ती विनवते, पहारेकरी हलत नाहीत, हुकूम म्हणजे हुकूम. मग ती अंधारात कडा उतरून घरी जाते. सकाळी महाराजांना कळतं. ते तिला साडीचोळी देतात आणि ती उतरली तिथे बुरूज बांधायला सांगतात. तो हिरकणी बुरूज. गडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आजही आहे, रोपवे तिथूनच सुटतो. ही दंतकथा आहे, इतिहासाचा कागद नव्हे. पण दंतकथेची समीक्षा जास्त कडक करायला हवी. कागदात चूक कारकुनाची असू शकते, दंतकथेत मात्र जे गाळलं जातं ते सगळ्यांनी मिळून गाळलेलं असतं.

प्रसाद ओकचा ‘हिरकणी’ हा सिनेमा २०१९च्या दिवाळीत आला. सोनाली कुलकर्णी त्यात हिरकणी झाली आहे. आत्याने तो माझ्या फोनवर पाहिला. कडा सुरू झाला तसं तिने बोट लावून सिनेमा थांबवला आणि विचारलं, “त्या वाडीत दुसरी कुणी बाळंतीण नव्हती का गं?”

मी मराठी साहित्यात एमए केलं आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

खरंच, कुठे होत्या बाकीच्या बाया? गवळ्यांची वाडी, घराला घर लागून. पाळणाघरं नव्हती, डबाबंद पावडर नव्हती, म्हणजे कुणाचं तरी मूल कुणाच्या तरी अंगावर सारखं पीत असणार. बाळ रडत राहिलं असतं तर शेजारीण उठलीच असती. पण शेजारीण उठली तर गोष्ट संपते. कडा उरत नाही, बुरूज उरत नाही. एक थोर आई घडवण्यासाठी गोष्टीने अख्खी वाडी रिकामी केली आहे. मातृत्वाच्या बहुतेक गौरवकथा अशाच रचलेल्या असतात. आधी बाईला एकटं पाडायचं आणि मग ती एकटीने किती सोसते म्हणून हात जोडायचे.

गंमत म्हणजे शिवकाळाच्याच आठवणीत याच्या उलटी गोष्ट आहे, तीही जास्त भक्कम पायावर उभी असलेली. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ला पुरंदरावर झाला. सईबाईंची तब्येत ढासळलेली होती, बाळाला पाजणं होईना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ आणली गेली. तिच्या दुधावर राजपुत्र वाढला. तिची मुलं, अंतोजी आणि रायाजी, संभाजीराजांचे दूधभाऊ ठरली आणि पुढे त्यांच्या पदरी राहिली.

या दोन बाया शेजारी उभ्या करून पाहा. गडाला दूध हवं होतं तेव्हा बाई गडावर आणली गेली. बाईला आपलं दूध घरी न्यायचं होतं तेव्हा दरवाजा उघडला नाही. हिरकणी गडावर दूध घेऊनच गेली होती हेही विसरू नका. गाईचं दूध आत घेतलं गेलं, त्याचे पैसे झाले. तिच्या अंगातलं दूध हे मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

धाराऊवर कुणी आवर्जून मोठा सिनेमा काढणार नाही असं मला वाटतं, कारण तिच्या गोष्टीत कडा नाही, नुसतं पाजणं आहे. आणि पाजणं हे काम आहे असं म्हणायची आपल्याला सवय नाही. इतर समाजांनी ते काम म्हणूनच पाहिलं, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये शहरातली बाळं सरसकट खेड्यातल्या दाईंकडे पाजायला पाठवत, त्याची नोंदणी करणारी सरकारी कचेरी होती. अमेरिकेत गुलाम बायांना मालकाच्या बाळाला पाजावं लागे आणि त्यांची स्वतःची लेकरं भुकेली राहत. इस्लामी कायद्यात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं ठरतात, त्यांचं आपसात लग्न होत नाही. म्हणजे दुधाने नातं तयार होतं हे तिथे कायद्याने मानलं. आपल्याकडे ‘दूधभाऊ’ हा शब्द आहे, पण तो बहुतेकांना ऐतिहासिक कादंबरीतच भेटतो.

आता बुरुजाकडे येऊ. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की तो आईच्या मायेचा सन्मान आहे. गोष्टीचेच शब्द नीट ऐकले तर कळतं की तो दुरुस्तीचं कामही आहे. जिथून बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. म्हणून ती वाट बंद केली. राजा म्हणून ते योग्यच, तटाला भोक ठेवून चालत नाही. पण पुढच्या कोजागिरीला दुसरी गवळण अडकली असती तर? दरवाजा तेव्हाही सूर्यास्तालाच बंद होणार होता, आणि आता कडाही नव्हता. पहिल्या आईच्या नावाने दुसऱ्या आईची वाट बुजवली गेली. ही गोष्ट सांगणाऱ्यांत कुणीच असं म्हणत नाही की महाराजांनी दूध पाजणाऱ्या बायांसाठी दिंडी उघडी ठेवायला सांगितली. ती सुचलीच नाही, कारण गोष्टीला नियम बदलायचा नव्हता, बाई थोर ठरवायची होती.

एसटीच्या निमआराम गाडीचं नाव हिरकणी आहे (आमच्याकडे तिला अजून एशियाडच म्हणतात) आणि स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. खोली असणं चांगलंच आहे, मी स्वतः तशा खोलीत बसले आहे. नावापाशी मात्र अडखळते. दार न मिळालेल्या बाईचं नाव आपण दाराला दिलं आहे. ‘धाराऊ कक्ष’ म्हटलं असतं तर?

गोष्टीत आणखी एक गाळलेलं आहे आणि ते दुधापेक्षा खोल आहे. पाजणं हे फक्त बाळाची भूक भागवणं नसतं. बाळ जितक्या वेळा ओढतं तितकं दूध येतं, आणि तितकी बाईची पाळी लांबते. कालाहारी वाळवंटातल्या कुंग बायांचा अभ्यास मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केला. त्या बाया मूल सतत अंगाशी ठेवत, तासाला साधारण चारदा, थोडं थोडं पाजत. दोन मुलांमध्ये सुमारे ४४ महिन्यांचं अंतर पडे, कुठलंही साधन न वापरता. पुढे १९८८मध्ये इटलीतल्या बेलाजिओला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी हे मोजमापात बसवलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे अंगावर, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे बंद दरवाज्याने फक्त एक रात्र जात नाही. रोज दिवसभर बाळापासून लांब राहणाऱ्या बाईचं दूध लवकर आटतं, पाळी लवकर येते, पुढचं पोरही लवकर येतं. पाळी, गर्भ, दूध हे एकाच घड्याळाचे काटे आहेत. मराठी साहित्याने त्यातला एकच काटा देव्हाऱ्यात ठेवला. दुधाला ‘पान्हा’ आहे, ‘अमृत’ आहे, ‘दुधाचं ऋण’ आहे. रक्ताला काय आहे? ‘कावळा शिवला’, ‘अडचण’, ‘बाहेरची’. बोलीभाषा मात्र प्रामाणिक आहे. मूल ‘अंगावर’ पितं आणि पाळी ‘अंगावरून’ जाते. अंग एकच.

आपल्या परंपरेत हे कुणी बोललंच नाही असं नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी पाळीला शरीरातून होणाऱ्या इतर स्रावांच्याच रांगेत बसवलं. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विचारलं की ज्या विटाळातून देह घडतो त्याच्यावाचून शुद्ध कोण? रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ १९७८चं. त्यात ज्या देवतेचा शोध आहे तिला डोकं नाही, योनी उघडी आहे, मानेच्या जागी कमळ आहे. त्या मूर्ती घडवणाऱ्यांना प्रसवणारं अंग एवढंच पुरेसं वाटलं. आपण नेमकं उलटं केलं. हिरकणीला काळीज दिलं, हिंमत दिली, अंग काढून घेतलं. कडा उतरताना तिची छाती दुखत असेल, चोळी भिजली असेल, हे वाचलेलं तुम्हाला आठवतं का?

पण अंग काढून घेणं प्रत्येक वेळी गोष्टीपुरतं राहत नाही. ऊसतोडीला बाई एकटी जात नाही, नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली असते, खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडा होतो. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागची कारणं अनेक आहेत, दवाखाने आहेत, भीती आहे, कमी वयात झालेली बाळंतपणं आहेत. तरी तो आकडा वाचला की मला दरवाजाच दिसतो. दरवाजा उघडत नाही म्हणून बाई स्वतःचंच अंग कापून घेते. या बायांचा बुरूज कुणी बांधलेला नाही.

माझं बरं चाललं होतं. कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. ती संपली तेव्हा ऑफिसात कागदाच्या रिमांच्या खोलीत दाराला खुर्ची लावून पंप करायचे. बाहेरून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “अगदी हिरकणी आहेस!” तेव्हा मला आवडलं होतं.

आता आपट्यातली रात्र. आत्या फलाटावर, पोरगा घरी रडतोय, वरचं दूध तोंडात घेत नाही. शेजारच्या वहिनींचं बाळ दहा महिन्यांचं, त्यांना दूध होतं. पण त्या बाहेर बसलेल्या होत्या. नुकतीच पाळी परत सुरू झाली होती. आमच्याकडे तेव्हा चार दिवस कडक पाळायचे, पडवीत वेगळी चटई, वेगळा तांब्या. माझी आजी या बाबतीत फारच कर्मठ. तासभर तिने पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. मग पडवीपाशी गेली. विटाळ कपड्याला लागतो, उघड्या तान्ह्याला लागत नाही, असा एक नियम होता, घरोघरी सोयीने वापरला जाणारा. तिने त्याचं झबलं काढलं, लंगोट काढला, कमरेचा करगोटासुद्धा काढला आणि उघडं पोर खाली चटईवर ठेवलं. “घे,” म्हणाली. बाजूला झाली. वहिनींनी उचललं आणि पाजलं.

सकाळी आत्या पहिल्या गाडीने आली तेव्हा तो झोपलेला होता, अंग धुऊन, पावडर लावून. आजीने काही सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, चार दिवसांनी, विहिरीवर.

घरात या रात्रीची गोष्ट म्हणून जी सांगतात ती आत्याच्या फलाटाची. मोठी माणसं डोळे पुसतात. पडवीचा भाग मला आत्याने सिनेमा थांबवला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि तोही फोन उलटा ठेवून, हळू आवाजात.

तो मुलगा आता रोह्याला असतो. भाऊबीजेला आधी वहिनींच्या मुलीकडे जातो, मग सख्ख्या बहिणीकडे. लहानपणापासूनचा रिवाज आहे, एवढंच त्याला माहीत आहे. यंदा निघताना आत्याने त्याच्या पिशवीत वहिनींसाठी पातळ घातलं, आणि कुणासाठी म्हणून त्याने विचारलं तर म्हणाली, “तिला दे. तिला कळेल.”