हिरव्या जॉबमधली चूक

स्पार्कचा जॉब लाल झाला की आपण घाबरतो. मला भीती वाटते ती हिरव्या जॉबची. समजा, "१,२००" ही रक्कम मजकूर म्हणून आली, स्वल्पविरामासकट. तिचा पूर्णांक कर म्हटलं, तर स्पार्क ३ मूळ सेटिंगमध्ये मुकाट्यानं तिथं नल ठेवतो. बेरीज नल वगळते. उत्तर बाराशेनं कमी, आणि तक्रार कुठेच नाही!

२०२५च्या स्पार्क ४मध्ये ॲन्सी मोड मुळातच चालू असतो. त्यामुळे तीच ओळ आता एरर देते. कामाचा तो तुकडा चार वेळा फसतो, मग जॉब थांबतो. यंत्र बदललं तरी ओळ तीच ना! अशा वेळी ‘ॲन्सी बंद करा’ हा सल्ला मला मान्य नाही. तो उपाय नव्हे, ते तोंड दाबणं झालं. ‘ट्राय_कास्ट’ वापरा, आणि मजकूर असूनही नल झालेल्या ओळी वेगळ्या काढून मोजा.

न्यायदर्शनात अभाव हासुद्धा ज्ञानाचा विषय आहे: ‘इथे घट नाही’ हे कळावं लागतं. नल मात्र ‘रक्कम नव्हती’ आणि ‘वाचता आली नाही’ यांत फरक करत नाही. तो आपणच करायचा.