तिघे आणि चौथी

‘थ्री ऑफ अस’ हा हिंदी चित्रपट ३ नोव्हेंबर २०२३ रोजी चित्रपटगृहांत लागला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि त्याच दिवशी ‘टायगर ३’ येणार होता. म्हणजे या लहानशा चित्रपटाच्या वाट्याला मोजून नऊ दिवस आले, तेही फराळाच्या आणि खरेदीच्या धांदलीतले. मुलुंडहून मी ज्या मल्टिप्लेक्समध्ये तो पाहायला गेलो तिथे दिवसाला एकच खेळ होता, दुपारचा. प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. चित्रपट संपल्यावर कोणी कोणाशी बोललं नाही. मी घरी आलो आणि वहीत साडेतीन पानांचं टिपण लिहिलं. त्या टिपणावर मी खूश होतो.

२९ डिसेंबरला हाच चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. मग तो घरात पाहिला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिला, नातेवाइकांनी पाहिला, आणि माझं ते टिपण निरुपयोगी झालं. असं का झालं, हे या लेखात सांगायचं आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना जायचं, ‘वास्तव रूपवाणी’चे जुने अंक मिळवून वाचायचे, एवढीच माझी शाळा. एक सवय मात्र बरीच वर्षं पाळली आहे. चित्रपटाबद्दल आजूबाजूची माणसं काय बोलतात ते मी तारखेसह टिपून ठेवतो. परीक्षणं छापली जातात आणि उरतात. साध्या प्रेक्षकाचं मत जिन्यात, लोकलमध्ये, हळदीकुंकवाला बोललं जातं आणि तिथेच विरतं. याला सर्वेक्षण म्हणू नये. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या माणसांचं हे बोलणं आहे, आणि त्याला तेवढीच मर्यादा आहे.

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी कथानक थोडक्यात सांगतो. शैलजा देसाई मुंबईत घटस्फोटाचे खटले चालतात त्या न्यायालयात नोकरी करते. तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सगळं विसरून जायच्या आत तिला लहानपणीचं वेंगुर्लं पुन्हा पाहायचं आहे. नवरा दीपंकर सोबत येतो. वेंगुर्ल्यात तिचा शाळेतला मित्र प्रदीप कामत आहे, आता बँकेत अधिकारी. तो कविता करायचा आणि भरतकामही करतो. ही तिघं मिळून शाळा, जुनं घर, नृत्याच्या बाई असं एकेक ठिकाण पाहत फिरतात. शैलजाच्या बालपणातला एक दुःखद प्रसंगही हळूहळू वर येतो. कोणी घर सोडत नाही, कोणी कोणाचा हात मागत नाही. शेफाली शहा, जयदीप अहलावत आणि स्वानंद किरकिरे यांनी ही तीन माणसं उभी केली आहेत. दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही अविनाश अरुण यांचं. ‘किल्ला’ हा त्यांचाच मराठी चित्रपट २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाचं क्रिस्टल बेअर घेऊन आला होता. म्हणजे कोकणचा पाऊस, समुद्र आणि शाळा यांच्याशी त्यांची ओळख जुनीच.

आता वहीतली मतं. त्यांचे ढोबळ चार गट पडतात.

पहिलं मत सगळ्यांच्या परिचयाचं: ‘फार संथ आहे, काही घडतच नाही.’ हे म्हणणारी माणसं मी नीट पाहिली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी चित्रपट मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तो मुलुंड ते सीएसएमटी असा जाता-येता दोन दिवसांत संपवला. दीड तासाहून थोडा मोठा असलेला हा चित्रपट कुर्ल्याच्या गर्दीत थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी भांडुपला पुन्हा सुरू करायचा, म्हणजे त्यातली शांतता कापून काढणंच झालं. या चित्रपटात माणसं बोलायची थांबतात तेव्हा लाटांचा, वाऱ्याचा आवाज त्यांचं उरलेलं बोलणं पुढे नेतो. अलोकनंदा दासगुप्ता यांचं संगीतही असंच हलक्या पावलांनी येतं. डब्यातल्या कोलाहलात यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथे फक्त संवाद उरतात, आणि नुसते संवाद धरले तर खरोखरच फारसं काही घडत नाही. चित्रपट संथ आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या वाट्याला जेवढा चित्रपट आला तेवढ्याबद्दल ते खरंच होतं.

म्हणूनच ‘हा घरी बघायचाच सिनेमा, थेटरात कशाला आणला?’ हे वाक्य मला पटत नाही. शांत चित्रपटाला अंधार आणि बंद दार जास्त लागतं. मारामारीचा चित्रपट कुकरच्या शिट्ट्यांतही कळतो.

दुसरं मत सिंधुदुर्गातल्या मंडळींचं. उपनगरांत त्यांची वस्ती मोठी. गणपतीला ठाण्याहून तुतारी एक्स्प्रेस धरायची आणि कुडाळ-सावंतवाडीला उतरायचं, हा त्यांचा वर्षाचा नेम. वेंगुर्ल्याचं बंदर टीव्हीवर पाहून त्यांना भरून आलं. पण पहिला उमाळा ओसरल्यावर तक्रार निघाली, ‘पाटणकरांची शैलजा आणि कामतांचा प्रदीप वेंगुर्ल्यात उभे राहून हिंदीत बोलतात, हे कसं मानायचं?’ हिंदी चित्रपट हिंदीतच बोलणार, असं उत्तर मी आधी दिलं होतं. नंतर विचार केला तेव्हा या तक्रारीत मला एक मोलाचं टीकासूत्र सापडलं. स्मृतिभ्रंशात साधारणपणे अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, बालपणीच्या अधिक काळ टिकतात. मग शैलजाची शाळेतली बोली तिच्या ओठांवर परत यायला हवी होती. ती आणि प्रदीप नकळत त्या बोलीत शिरले असते आणि शेजारी बसलेला दीपंकर एका शब्दासाठी बाहेर राहिला असता, तर त्याचं एकटेपण वेगळं सांगावंच लागलं नसतं. ‘किल्ला’मध्ये भाषेचं असं बळ होतं. इथे ते बाजाराच्या हिशेबात सोडून द्यावं लागलं. समुद्र वेंगुर्ल्याचा राहिला आणि तोंडातलं वेंगुर्लं गेलं. जयवंत दळवींचं आरवली याच तालुक्यातलं. त्यांची माणसं वाचलेल्या वाचकाला ही उणीव जास्त टोचेल.

तिसरं मत दीपंकरबद्दल. पुरुष म्हणाले, ‘असा नवरा असतो का कुठे?’ बायका म्हणाल्या, ‘असतो, पण त्यासाठी आधी बायको आजारी पडावी लागते.’ हे दुसरं वाक्य घाटकोपरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे, कारण या व्यक्तिरेखेवर इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. दीपंकर दुष्ट नाही, उदासीनही नाही. बायको मुंबईत जशी कधी दिसली नाही तशी ती इथे फुललेली दिसते, आणि त्याला आनंदही होतो, टोचतंही. इतकी वर्षं आपण हिला पाहिलंच नाही, ही जाणीव त्याला उशिरा येते. त्याचा समजूतदारपणा हा अंशतः उशिरा आलेला पश्चात्ताप आहे. शिक्षिकाबाईंनी ते एका ओळीत पकडलं.

चौथं मत मात्र मला उघडं पाडून गेलं.

घरी आम्ही चित्रपट जानेवारीत पाहिला. मी दुसऱ्यांदा, पत्नी पहिल्यांदा, आणि तिची मोठी बहीण बोरिवलीहून आलेली. प्रदीपच्या घरातला प्रसंग सुरू झाला तशी मेहुणीबाई म्हणाल्या, ‘अगं, ही आपली कादंबरी कदम!’ मालिकांतून ओळखीचा झालेला हा चेहरा टीव्हीच्याच पडद्यावर आला, आणि घरातलीच कोणी आल्यासारख्या दोघी सरसावून बसल्या. कादंबरी कदम यांनी प्रदीपच्या बायकोचं, सारिकाचं काम केलं आहे. ती नवऱ्याला जुन्या मैत्रिणीवरून चिडवते, तिला कुतूहल आहे, संशय नाही. प्रसंग मोजकेच. पत्नीने रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि मला विचारलं, ‘अहो, नाव तिघांचं आहे ना? मग ही कोण?’

मी काहीतरी उत्तर दिलं. शीर्षकातला तीन हा आकडा प्रतीकात्मक आहे, आज, काल आणि विस्मरण असेही तीन धरता येतात, वगैरे. ती म्हणाली, ‘ते असू दे. तुम्ही असे रोज दुसऱ्या कोणाला गाव दाखवायला गेला असतात, तर मी घरी काय केलं असतं? हसले असते का अशी?’ मेहुणीबाई म्हणाल्या, ‘हसावंच लागतं. पाहुणी आजारी आहे.’

चित्र थांबलेलं होतं. पडद्यावर सारिका तशीच. मग जवळजवळ अर्धा तास दोघी तिच्याबद्दल बोलत होत्या. ती आतून खरंच निश्चिंत आहे की तसं दिसण्याचं कसब तिने कमावलं आहे? नवरा पुन्हा कविता लिहू लागला तर त्यात तिला वाटा आहे का? मी मध्ये बोललो नाही. रात्री जुनी वही काढून नोव्हेंबरचं टिपण वाचलं. साडेतीन पानांत सारिकाचं नाव एकदाही नव्हतं. छायालेखनावर एक परिच्छेद होता, विहिरीच्या प्रतिमेवर एक, जत्रेतल्या आकाशपाळण्यावर अर्धं पान. चार माणसांतली एक मला दिसलीच नव्हती, आणि मी त्या टिपणावर खूश होतो.

चित्रपटगृहात हा प्रश्न का पडला नाही? तिथे चित्र थांबत नाही. आणि तिथे मी एकटा होतो. घरच्या पाहण्याने शांतता नेली, पण थांबवण्याची आणि भांडण्याची मुभा दिली. ही मुभा तशी नवी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं रविवार संध्याकाळचा हिंदी चित्रपट ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्ख्या चाळीने पाहिला. बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ हा १९७४चा चित्रपट मी असाच शेजारघरी सतरंजीवर बसून पाहिला. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा तो चित्रपट. तिथेही एक स्त्री, वर्तमानातला एक पुरुष आणि भूतकाळातला दुसरा. दिल्लीची दीपा मुंबईला येते आणि जुना प्रियकर भेटतो. चाळीतल्या बायका चित्रपट चालू असतानाच दीपाला सल्ले देत होत्या. आमचं लक्ष उडतं म्हणून आम्ही मुलं त्यांना गप्प करत होतो. आज वाटतं, ती समीक्षाच होती आणि आम्ही ती बंद पाडत होतो.

दोन्ही चित्रपटांत एक फरक आहे. ‘रजनीगंधा’त कोणाचंच लग्न झालेलं नाही, त्यामुळे दीपाच्या निवडीची किंमत त्या त्रिकोणातच चुकती होते. ‘थ्री ऑफ अस’मध्ये दोन संसार आहेत. शैलजाच्या आठवणींचा खर्च दीपंकर उचलतो, तसाच सारिकाही उचलते. दीपंकरला आपलं दुखणं बोलून दाखवायला चित्रपट जागा देतो. सारिकाला तो हसू देतो. एवढ्या सहृदय चित्रपटातली ही मला आता सर्वांत मोठी त्रुटी वाटते. कदाचित कादंबरी कदम यांनी ते काम इतक्या सहजतेने केल्यामुळेच ती झाकली गेली असेल.

तेव्हा प्रेक्षकांच्या मतांचं काय करायचं? त्यांना अडाणी म्हणून झटकू नये, आणि लोकांचा कौल म्हणून डोक्यावरही घेऊ नये. मत नोंदवताना त्या माणसाने चित्रपट कुठे, कशावर, कोणासोबत पाहिला तेही नोंदवावं. लोकलमधल्या गृहस्थांचं ‘संथ’ आणि चित्रपटगृहातून बाहेर पडून मी लिहिलेलं ‘संयत’, हे दोन शब्द एकाच चित्रपटाबद्दल असले तरी दोन वेगळ्या पाहण्यांची ती खूण आहे. आणि बायकांची जी मतं कधी छापली जात नाहीत ती आधी नोंदवावीत, कारण चौथ्या माणसाकडे बोट दाखवायची सवय त्यांना आहे.

जानेवारीतल्या त्या रात्री मी टिपणाखाली एक ओळ जोडली. सकाळी पत्नीला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे छापणार का कुठे?’ मी म्हटलं, बघू. ‘मग खाली लिहा, हे बायकोने सांगितलं.’

लिहिलं आहे.