गचके की झटका? एका निदानाचं रसग्रहण

‘झटक्यात बंद पडली, का गचके खात खात?’ वऱ्हाडातल्या बाळापूरच्या एखाद्या मिस्तरीनं गाडीला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारला, की समजावं, गाडी जाणत्या माणसाकडे आली आहे. चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीचं निदान ही एक रचना आहे. तिला सुरुवात आहे, बढत आहे, निर्णायक क्षण आहे आणि शेवटी पडताळा आहे. ती चांगली साधते तेव्हा मन लावून पाहावी अशी असते.

आधी गाडीबद्दल. कुठल्याही जमिनीवर चालण्यासाठीच बनवलेली, फुगीर चाकांची ‘ऑल टेरेन’ गाडी होंडानं 1970 मध्ये अमेरिकेत विकायला आणली तेव्हा तिला तीन चाकं होती. पुढे ती चार चाकांची झाली. आपल्याकडे ती दिसते ती बहुतेक कोकणच्या किनाऱ्यावर आणि लोणावळ्याकडे, पर्यटकांच्या सेवेत. वऱ्हाडात तिचं काम मोटारसायकल करते. 1994 साली आलेली हिरो होंडाची स्प्लेंडर घ्या. इंजिन 97.2 सीसीचं, आणि कारखान्यानं तिची कल्पना केली ती डांबरी रस्त्यासाठी. बाळापूर तालुक्यात ती पांदणीनं जाते, काळ्या मातीच्या चिखलातून वाट काढते, मागे खताचं पोतं नाहीतर फवारणीचा पंप, हँडलला दुधाची कॅन. तिच्याकडून एवढी अपेक्षा आहे म्हणूनच तिच्या बंद पडण्यात इतके प्रकार आहेत.

आता नमुना पाहू. गाडी घरून नीट निघते. चार-पाच किलोमीटर गेली की थांबते. धनी किक मारून मारून थकतो, थोडा वेळ बाभळीखाली बसतो, पुन्हा किक मारतो आणि गाडी सुरू होते. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तेच. ‘मिस्तरी, पाहा बरं, चालता चालता बंदच पडते. प्लग बदलला, तरी तेच.’

ही तक्रार अवघड आहे, कारण सारख्याच लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पहिलं पेट्रोलचं. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेवढीच हवा वरून आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवेचा दाब कमी होत जातो, पेट्रोलची धार बारीक होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. गाडी उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा आत शिरते आणि पेट्रोल पुन्हा उतरतं. दुसरं कारण करंटचं. इग्निशन कॉइलमधली तार किंवा तिचं आवरण कमजोर झालं असेल, तर थंड असताना ती काम करते, तापली की ठिणगी तोडते आणि निवली की पुन्हा देते. दोन्हींत गाडी चालते, थांबते, विसाव्यानंतर पुन्हा चालते. वरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं मोल मोठं. करंट गेला तर इंजिन एका क्षणात गप्प होतं, चावी बंद केल्यासारखं. पेट्रोल तुटलं तर ते आधी दम सोडतं, ताकद कमी होते, दोन-चार गचके बसतात, मग थांबतं. प्रत्येक वेळी फरक इतका स्वच्छ नसतो, आणि जाणता मिस्तरी त्यावर सगळा भार टाकत नाही. तो पुढे विचारतो, ‘टाकी फुल केल्यावर लवकर बंद पडते का?’ हा प्रश्न मला या सगळ्या रचनेतला सर्वांत सुंदर वाटतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी. थोडंसं पेट्रोल उतरलं तरी तिथला दाब झपाट्यानं घटतो. त्यामुळे भोक बुजलेली गाडी भरल्या टाकीनं लवकर दगा देते. पेट्रोल जास्त, तरी गाडी उपाशी. सरळ विचार करणाऱ्याला ही शंका येणारही नाही. हा प्रश्न त्यालाच सुचतो ज्याला टाकीच्या आतली हवा डोळ्यांपुढे दिसते.

मग तो स्वतः गाडीवर बसतो आणि ती बंद पडेपर्यंत चालवतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. गॅरेजच्या सावलीत निवलेली गाडी सगळ्या तपासण्या पास होते. कॉइल ठिणगी देते, पेट्रोल वाहतं, आणि काहीच सापडत नाही म्हणून अंदाजानं पार्ट बदलायला सुरुवात होते. दोष ज्या घडीला हजर असतो त्याच घडीला त्याला गाठायचं, हा या कलेचा पहिला नियम आहे.

गाडी थांबली. आता निर्णायक क्षण. मिस्तरी टाकीचं झाकण उघडत नाही. हा संयम पाहण्यासारखा आहे. तो खाली वाकून कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करतो आणि पारदर्शक बाटलीत पेट्रोल धरतो. वाटीत उरलेलं थोडंसं येतं, मग धार बारीक होते, मग थेंब. आता तो दुसऱ्या हातानं झाकण उघडतो. टाकी श्वास घेते आणि बाटलीतली धार पुन्हा जाड होते. एक स्क्रू आणि एक झाकण, एवढ्यात निकाल. झाकण आधी उघडलं असतं तर पुरावाच नाहीसा झाला असता. बाटलीही कामाची आहे. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी मिसळून जातं, जास्त झालं की मात्र इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं.

धन्याला आता उलगडा होतो. दर वेळी गाडी थांबली की पेट्रोल आहे का ते पाहायला तो झाकण उघडत होता. इलाज त्याच्याच हातून होत होता आणि श्रेय किकला जात होतं. झाकणात काय सापडतं? वाळलेला काळ्या मातीचा गाळ. कधी पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली दाबून बसवलेला प्लास्टिकचा तुकडा.

धार शेवटपर्यंत जाड राहिली असती, तर वाट दुसरी होती. पेट्रोलची बाटली दूर ठेवून, इंजिन तापलेलं असतानाच प्लग काढायचा, इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळसर, कडक ठिणगी आली तर करंट ठीक. ठिणगी नाही आणि गाडी निवल्यावर ती परत आली, तर कॉइल, पिकअप किंवा सीडीआय या ठिणगी घडवणाऱ्या भागांवर संशय. तोच प्लग आणखी बोलतो. बदामी रंग म्हणजे जळण नीट. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत असा प्लग दिसला तर आधी एअर फिल्टर उघडावा. तो कुटारानं आणि धुळीनं भरलेला निघण्याचा संभव मोठा. पांढुरका प्लग म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलनं ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतं, पण पेटत नाही.

शेवट पडताळ्याचा. भोक साफ केल्यावर मिस्तरी गाडी लगेच हवाली करत नाही. जेवढ्या अंतरावर ती थांबत होती त्याच्या पुढे नेऊन आणतो. मधे दुसरं काही बदलत नाही. एका वेळी एकच बदल केला तरच कोणत्या बदलानं गाडी सुधारली ते कळतं. ही शिस्त फक्त गॅरेजपुरती नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरला 2007 पासून बाहा स्पर्धा होते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या ऑल टेरेन गाड्या घेऊन तिथे चार तासांच्या कस पाहणाऱ्या फेरीत उतरतात. त्यांनाही हीच शिस्त लागते.

या कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष आले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. आता टाकीत पंप आहे, सेन्सर आहेत, दोष दाखवणारा दिवा आहे. साइड स्टँडलाही स्विच असतो, आणि पांदणीच्या खड्ड्यात सैल स्टँड खाली झुकला तरी इंजिन थांबू शकतं. ड्रेन स्क्रूची ती सुंदर चाचणी या गाड्यांवर चालत नाही. पहिला प्रश्न मात्र चालतो, आणि दोष हजर असताना त्याला गाठण्याचा नियमही.

माझ्या मते या निदानाचं खरं सौंदर्य त्याच्या काटकसरीत आहे. कमीत कमी उघडून जास्तीत जास्त जाणून घेणं, ही कोणत्याही विद्येतली वरची पायरी. पण आपण ती ओळखत नाही. नवी कॉइल बसवली तर मुकाट्यानं पैसे देतो. तारेच्या टोकानं भोक मोकळं करून दिलं तर ‘एवढ्याचे काय पैसे?’ म्हणतो. मग मिस्तरीनं पार्ट का विकू नये? पुढच्या वेळी गाडी थांबली की झटका की गचके हे लक्षात ठेवून त्याला सांगा, आणि त्यानं काहीही न बदलता गाडी चालती केली तर त्याला पूर्ण मजुरी द्या.